आधी हातानं फिरव

संगमनेर तालुक्याच्या पठारभागात, साकूर-घारगावच्या पट्ट्यात, पाऊस बेताचा आणि वारा भरपूर. तिथं मामांच्या मळ्यात, गोठ्याच्या कडेला कडुलिंबाखाली एक छोटा ट्रॅक्टर सहा वर्षं उभा होता. तीन सिलिंडरचा, वीस एचपीच्या आतला, नंबरप्लेटीवर एमएच-१७. डाळिंबाची बाग होती तोवर त्याला उसंत नव्हती. फवारणीचा ब्लोअर ओढायचा, रोटाव्हेटर मारायचा, शेणखताची लहान ट्रॉली ओळीओळीतून फिरवायची. मग बागेवर तेल्या आला. पानांवर आणि फळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं आणि दोन हंगामांत बाग हातची जाते. जिवाणूजन्य रोग हा. २००० नंतरच्या दशकात त्यानं महाराष्ट्रातल्या किती बागा उपटायला लावल्या, ते डाळिंबवाल्यांना विचारा. मामांनीही बाग काढली. रानात कांदा आला, घास आला, नांगरटीला गावातला मोठा ट्रॅक्टर भाड्यानं येऊ लागला. छोट्याला काम उरलं नाही.

गेल्या वर्षी मामांनी पुन्हा डाळिंब लावलं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं दिलेला भगवा वाण, ठिबक, गादीवाफे, सगळं नीट. रोपं कमरेएवढी झाली तसा ओळीत मोठा ट्रॅक्टर घालता येईना. भंगारवाला त्याआधी दोनदा येऊन लोखंडाचा भाव सांगून गेला होता. मामा मला म्हणाले, "हा चालू होतो का बघू. नाही झाला तर देऊन टाकू."

या प्रकरणात त्या ट्रॅक्टरची हकिगत आहे, पण ती एका ट्रॅक्टरपुरती नाही. बंद यंत्र खोलत गेलं की आत आपलीच जमीन सापडते, हे मला त्या पंधरवड्यात कळलं. एअर क्लीनरमध्ये आपल्या रानाची धूळ असते, रेडिएटरमध्ये आपल्या बोअरचं पाणी, टाकीत पावसाळ्यातली दमट हवा, वायरिंगमध्ये गोठ्यातले उंदीर. म्हणून ट्रॅक्टर पुन्हा चालू करायचा तर तो कुठं आणि कसा उभा होता हे आधी बघायचं.

हा लहान ट्रॅक्टर बागेत आला कसा, ते थोडक्यात सांगतो. डाळिंबाच्या दोन ओळींत साधारण पंधरा फूट अंतर ठेवतात. झाड वाढलं की त्यातली मधली सहा-सात फुटांची वाट काय ती मोकळी राहते. पन्नास एचपीचा ट्रॅक्टर तिथं फांद्या मोडत जातो आणि चाकाखाली मुळांजवळची माती घट्ट करतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर निघाली. एवढ्या रानात, त्यातल्या बागेत, लहान यंत्रच शोभतं. जपानमध्ये भातखाचरं चिमुकली. तिथल्या कारखान्यांनी आधी हातानं धरून चालवायचे टिलर आणि मग चार चाकांचे लहान ट्रॅक्टर घडवले. त्याच परंपरेतून मित्सुबिशीच्या सहकार्यानं बंगळूरची व्हीएसटी कंपनी १९६७ साली उभी राहिली आणि 'मित्सुबिशी शक्ती' हे नाव आपल्या द्राक्ष-डाळिंबाच्या पट्ट्यात घरोघरी पोचलं. नंतर इतरही कंपन्यांनी पंधरा-वीस एचपीचे ट्रॅक्टर काढले.

पण एवढं हलकं यंत्र जमिनीत फण ओढू शकतं, त्याचं श्रेय हॅरी फर्ग्युसन या उत्तर आयर्लंडच्या माणसाला द्यावं लागतं. पूर्वी औत साखळीनं किंवा एका खुंटीनं ट्रॅक्टरच्या मागं बांधत. फण दगडाला अडला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जात आणि तो चालकाच्या अंगावर उलटे. फर्ग्युसननं १९२०च्या दशकात औत तीन ठिकाणी धरायची जोडणी काढली: खाली दोन हात आणि वर एक दांडा. फण मातीत खेचला गेला की औत वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरला पुढं रेटतं, त्यामुळं पुढची चाकं जमिनीवर टिकतात आणि मागच्या चाकांवरही वजन येतं. म्हणजे ट्रॅक्टर मुळात जड असायची गरज उरली नाही. १९३९ मध्ये हेन्री फोर्डनं ही जोडणी आपल्या ट्रॅक्टरवर बसवली. आज जगातल्या बहुतेक ट्रॅक्टरच्या मागं तेच तीन बिंदू आहेत, मामांच्याही.

तर कडुलिंबाखाली परत येऊ.

मी उत्साहात नवी बॅटरी घेऊन गेलो होतो. चावी फिरवायची आणि काय होतंय ते बघायचं, एवढाच माझा बेत. संगमनेरहून आलेले मिस्त्री साठीचे. त्यांनी बॅटरीकडं बघितलंसुद्धा नाही. ते थेट सायलेन्सरपाशी गेले आणि वरून आत डोकावले.

"याच्यावर काय झाकलं होतं?"

"तेलाचा डबा होता उपडा," मामा म्हणाले. "गेल्या पावसाळ्यात वाऱ्यानं उडाला असंल."

"मग सेल्फ मारू नका. आधी हातानं फिरव," मिस्त्री मला म्हणाले.

या एका वाक्यात अर्धं शास्त्र आहे. ट्रॅक्टरचा सायलेन्सर सरळ आकाशाकडं तोंड करून असतो. इंजिन बंद पडतं तेव्हा एखाद्या तरी सिलिंडरचा धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. झाकण नसेल तर पावसाचं पाणी त्या वाटेनं थेट पिस्टनच्या डोक्यावर जाऊन बसतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी सेल्फनं जोर लावला की पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. सहा वर्षं उभं राहून जे नुकसान झालेलं नसतं, ते त्या दोन सेकंदांत होतं. कुणी ट्रॅक्टर दुसऱ्याला बांधून ओढत नेतं आणि गिअर टाकून इंजिन फिरवतं. त्यात तर सेल्फपेक्षाही जोर जास्त. भंगारात गेलेले कितीतरी लहान ट्रॅक्टर उभं राहून मेलेले नसतात, चालू करताना मारलेले असतात, असं माझं स्पष्ट मत झालंय.

पुढच्या पुलीच्या नटाला रिंग पाना लावला. अर्धा फेरा झाला आणि पाना अडला. मिस्त्रींनी जोर लावू दिला नाही. तिन्ही नोझलभोवती डिझेल सोडून ती रात्रभर भिजत ठेवली, दुसऱ्या दिवशी हळूहळू हलवत काढली. तिसऱ्या सिलिंडरच्या भोकात तारेला गुंडाळलेली चिंधी घातली, ती तांबूस पाण्यानं भिजून आली. पाणी होतं, पण एकाच पावसाळ्याचं. तीन भाग डिझेल आणि एक भाग इंजिन ऑइल असं मिश्रण तिन्ही भोकांतून थोडं थोडं सोडलं आणि मिस्त्री निघून गेले. चार दिवस काही करायचं नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ पाना दोन्ही दिशांना हलका डुलवायचा. पहिले दोन दिवस तो तसूभरही पुढं सरकला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला हातात काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं, जणू जाम झालेल्या बरणीच्या झाकणानं दम सोडला. चौथ्या दिवशी इंजिन पूर्ण फिरलं आणि नोझलच्या भोकातून गंजाळ पाण्याची चूळ बाहेर पडून माझ्या सदऱ्यावर आली. मामांनी तो सदरा अजून धुऊ दिलेला नाही.

दरम्यान बाकीचं खोलणं चालू होतं. इंजिन ऑइल काळं पण स्वच्छ निघालं. बोटावर घेऊन चोळलं, वास घेतला, त्यात डिझेल नव्हतं की पाणी नव्हतं. गिअरबॉक्सचं मात्र वेगळं. खालचा नट सोडला तर ताकासारखं दुधाळ तेल भांड्यात पडलं. ऑइलमध्ये पाणी घुसळलं गेलं की ते असं दिसतं. पाणी गेलं कुठून? गिअर लिव्हरच्या बुडाशी रबराचा बूट असतो, तो उन्हानं फाटला होता. सहा पावसाळे पाणी लिव्हरवरून ओघळत थेट गिअरांत उतरत होतं. छोट्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेकदा गिअरबॉक्सचं आणि मागच्या लिफ्टचं तेल एकच असतं, त्यामुळं हेच पाणी हायड्रॉलिक पंपातही गेलेलं असतं. दोनदा तेल बदललं, जाळी डिझेलनं धुतली, आणि वीस तास काम झाल्यावर तिसऱ्यांदा बदलायचं हे खडूनं मडगार्डवर लिहून ठेवलं. रबराचा बूट काही रुपयांचा. तो वेळेवर बसवला असता तर एवढं तेल वाया गेलं नसतं.

आता डिझेलची बाजू. इथं थोडं थांबायला हवं, कारण चालू न होणाऱ्या दहा ट्रॅक्टरांतल्या बहुतेकांचं दुखणं इथंच असतं.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नाही. सिलिंडरमधली हवा वीसपट किंवा त्याच्या आसपास दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेलनं हे इंजिन १८९७ साली जर्मनीत आउग्सबुर्गला चालवून दाखवलं, पण त्या काळी डिझेल आत उडवायला दाबलेली हवा वापरत. त्यासाठी एक मोठा कॉम्प्रेसर जोडावा लागे आणि इंजिन कारखान्यात किंवा जहाजातच मावे. १९२७ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात हाताच्या ओंजळीत मावतील अशा भागांचा डिझेल पंप तयार होऊ लागला, तेव्हा हे इंजिन ट्रकवर आणि ट्रॅक्टरवर चढलं. याच बॉशच्या सहकार्यानं १९५१ मध्ये बंगळूरला मायको निघाली आणि १९६९ साली तिचा कारखाना नाशिकला सातपूरमध्ये आला, नोझल आणि इंजेक्टर बनवणारा. नाशिकचं मायको सर्कल त्यावरूनच. कंपनीचं नाव आता बॉश झालंय, पण आपल्याकडचे जुने मिस्त्री दुकानात आजही "मायकोचं नोझल द्या" असंच म्हणतात.

पंपातला दट्ट्या आणि त्याचं नळकांडं यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड. म्हणजे केसाच्या विसाव्या भागापेक्षा लहान फट. एवढ्या जवळिकीत गंजाचा एक कण किंवा पाण्याचा थेंब काय करील, याची कल्पना करा. उभ्या ट्रॅक्टरच्या टाकीत हे दोन्ही असतात. टाकी अर्धी रिकामी ठेवली की वरच्या मोकळ्या जागेत हवा असते. दिवसा टाकी तापते, हवा बाहेर जाते, रात्री गार होते, दमट हवा आत येते आणि पत्र्यावर दव धरतं. ते पाणी डिझेलपेक्षा जड, तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथं भिडतात तिथं बुरशी आणि जिवाणू वाढतात आणि शेवाळासारखा बुळबुळीत गाळ तयार होतो. मामांच्या टाकीच्या तळाशी तो अर्धा इंच होता. टाकी उतरवली, आत मूठभर स्वच्छ धुतलेली खडी आणि थोडं डिझेल घालून गदागदा हलवली, तीन वेळा धुतली, उन्हात वाळवली. फिल्टर दोन्ही नवे. रबरी नळ्याही नव्या, कारण जुनी नळी वरून धड दिसते आणि वाकवली की तिच्यावर बारीक चिरा उघडतात. त्या चिरांतून डिझेल गळत नाही, पण पंप ओढ घेतो तेव्हा हवा आत शिरते.

हवेचं हे दुखणं विहिरीवरच्या इंजिनावर ज्यांनी हात बसवला त्या पिढीला पाठ आहे. पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ साली सुरू झाली, आणि वीज येईपर्यंत आपल्या विहिरींवर ही इंजिनंच धडधडत होती. इंजिन बंद पडलं की म्हातारा म्हणायचा, "एअर घेतलीय." डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पंप दाब देतो तेव्हा बुडबुडाच आकसतो, नोझलपर्यंत दाब पोचतच नाही. म्हणून एअर काढावी लागते, तीही क्रमानं, टाकीपासून पुढं. आधी फिल्टरच्या वरचा स्क्रू सैल करायचा आणि फीड पंपाचा हात वर-खाली करत राहायचं. फेस येतो, मग फेसात डिझेल, मग निव्वळ डिझेल. बुडबुडे थांबले की स्क्रू घट्ट. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलकडच्या तिन्ही नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून इंजिन फिरवायचं, प्रत्येक नळीतून डिझेलची पिचकारी आली की तो नट आवळायचा. घाईत पहिली पायरी गाळली तर शेवटची कितीही वेळा करा, व्यर्थ.

नोझल मिस्त्रींनी संगमनेरला डिझेल पंपवाल्याकडं तपासून आणली. मीही गेलो होतो. त्याच्याकडं हाताच्या दांड्याचा एक टेस्टर असतो, वर दाबाचं घड्याळ. आमच्या इंजिनाला एका चौरस सेंटिमीटरला सव्वाशे किलोच्या आसपास दाबावर नोझल उघडायला हवं. दोन नोझल दांडा दाबताच करकरली आणि धुक्यासारखा फवारा सोडला. तिसरं न करकरता मुतल्यासारखी बारीक धार सोडत होतं. पाणी शिरलं होतं त्याच सिलिंडरचं. त्या धारेचं डिझेल पेटत नाही, नुसतं पिस्टनवर सांडून धूर करतं. एक गोष्ट पंपवाल्यानं मला हात मागं ओढून सांगितली, ती इथं तशीच लिहितो: फवाऱ्यापुढं बोट कधीही धरायचं नाही. त्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं, वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत मांस सडत जातं. असं झालंच तर दुखायची वाट न बघता त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

पाण्याची बाजू नगर जिल्ह्यात जास्त महत्त्वाची. अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर जिल्ह्याचा बराच भाग पर्जन्यछायेत येतो. पाणी बोअरचं, आणि बोअर जितकं खोल तितके क्षार जास्त. तेच पाणी आपण बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओततो. चहाच्या पातेल्यात बोअरचं पाणी रोज उकळलं की पांढरा थर धरतो, तोच इंजिनाच्या आत धरतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम तापल्यावर चुनखडी होऊन चिकटतं. ही चुनखडी उष्णता वाहून न्यायला लोखंडाच्या वीसेक पट वाईट. बाहेरून पाणी भरलेलं, पंखा फिरतोय, आणि आत सिलिंडरभोवती मात्र चुन्याचं पांघरूण. मग उन्हाळ्यात रोटाव्हेटरला लावलं की इंजिन तापतं आणि हेड गॅसकेट उडतं. लोक गॅसकेट बदलतात, चुना तसाच.

आम्ही लिंबूसत्वानं तो काढला. किराणा दुकानात मिळतं तेच. कोमट पाण्यात विरघळवून रेडिएटरमध्ये आणि ब्लॉकमध्ये भरलं, काही तासांनी सोडलं तर पाणी ताकासारखं गढूळ, तळाशी पापुद्रे. श्रीगोंद्याच्या कागदी लिंबांच्या जिल्ह्यात हा उपाय मला फार आवडला. कुणी संडास धुण्याचं ॲसिड वापरायला सांगतात. ते चुना झटक्यात काढतं, पण ॲल्युमिनियमचा भाग आणि सोल्डरचे सांधेही खातं. म्हणून नको. शेवटी स्वच्छ पाण्यानं दोनदा धुऊन, पागोळीचं साठवलेलं पाणी आणि कूलंट भरलं.

एअर क्लीनर ऑइलच्या वाटीचा होता. वाटीत तेलाऐवजी काळ्या मातीचा घट्ट केक बसला होता. सुरीनं कापून काढावा लागला. रानातली धूळ इंजिनात गेली तर रिंगा आणि बोअर कानशीनं घासल्यासारखे झिजतात. ती वाटी रोटाव्हेटर चालवायच्या दिवसांत रोज बघावी, एवढंच सांगून पुढं जातो.

विजेची बाजू उंदरांनी केली होती. डॅशबोर्डमागं वायरींच्या सालीचं आणि कडब्याचं घरटं निघालं. वायरिंग नवं केलं. नवी बॅटरी जोडली, आणि सेल्फ नुसता टकटक करू लागला. बॅटरी नवी, सेल्फ तपासलेला, मग काय? दोष निघाला अर्थच्या पट्टीत. ती सांगाड्याला जिथं बोल्टानं जोडलेली, तिथं रंगाखाली गंजाचा पापुद्रा होता. सेल्फला फिरताना शंभराच्या वर अँपिअर लागतात, आणि नखाएवढा गंज ते अडवतो. कानस मारून लोखंड चकचकीत केलं, पट्टी आवळली.

पंधराव्या दिवशी सकाळी हीटर तापवला आणि मिस्त्रींनी मामांना चावी दिली. दुसऱ्या प्रयत्नाला एक सिलिंडर धडकलं, मग दुसरं, पांढऱ्या धुराचा लोट कडुलिंबात शिरला आणि वरचे कावळे उठले. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, गार इंजिनात तो चालतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्हचे सील गेले. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आमचा पांढरा दोन मिनिटांत विरला, मागं किंचित निळी छटा राहिली. तिसऱ्या सिलिंडरच्या रिंगा थोड्या धरल्या असतील, मिस्त्री म्हणाले, कामावर सुटतील. ऑइलचा दिवा विझलेला. मामी आतून गूळखोबरं घेऊन आल्या.

आणि दहा मिनिटांनी इंजिन हळू होत होत बंद पडलं.

पुन्हा एअर काढली. पुन्हा चालू झालं, पुन्हा दहा मिनिटांनी बंद. फिल्टर बघितले, नळ्या बघितल्या, कुठं हवा शिरत नव्हती. दुपार झाली. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर मिस्त्री काही न बोलता टाकीपाशी गेले आणि झाकण सैल केलं. सुस्स करून हवा आत ओढली गेली. त्यांनी झाकण उलटं करून माझ्यासमोर धरलं. झाकणात हवेसाठी टाचणीएवढं छिद्र असतं. डिझेल कमी होईल तशी त्यातून हवा आत येते. ते छिद्र चिखलाच्या सुबक गोळीनं बंद होतं. कुंभारमाशीनं तिथं घर केलं होतं. टाकी आम्ही तीनदा धुतली, आणि झाकण वरून फडक्यानं पुसून तसंच लावलं. छिद्र बंद, त्यामुळं डिझेल ओढताना टाकीत पोकळी व्हायची आणि दहा मिनिटांत पंपाची ओढ कमी पडायची. बाभळीच्या काट्यानं ती गोळी काढली. आत वाळलेली अळीची कात होती. त्यानंतर इंजिन बंद पडलं नाही.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला गंजानं चिकटली होती. पॅडल खाली दाबून लाकडाची पाचर मारून चार दिवस ठेवलं, इंजिन गरम झाल्यावर ती सुटली. सुटली नसती तर ट्रॅक्टर मधोमध खोलावा लागला असता, कारण त्याला वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्टनं जोडलेले, आणि तोच त्याचा कणा. १९१७च्या फोर्डसन ट्रॅक्टरनं ही रचना जगभर नेली. ब्रेकचे पट्टे बदलले, दोन्ही पॅडल सारखी धरतात का ते सपाट जागी तपासलं.

इंजिनाची ताकद मागच्या औताला देणाऱ्या पीटीओच्या दांड्याला कव्हर नव्हतं. मामा म्हणाले, पहिल्यापासूनच नाही. मी त्यावर अडून बसलो. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक किंवा साडीचा पदर त्यात अडकला तर माणूस ओरडायच्या आत ओढला जातो. फवारणीच्या वेळी मामी ब्लोअरमागं औषधाच्या टाकीशी उभ्या असतात. प्लास्टिकचं कव्हर मिळतं, ते आणून बसवलं तेव्हाच ब्लोअर जोडू दिला.

रंगाचं विचारतात सगळे. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासूनचं. तिथं जुन्या युद्धांतले रणगाडे रंगवून ओळीनं उभे आहेत आणि ते बघताना मला नेहमी भरून येतं. त्या यंत्रांचं काम संपलंय, म्हणून रंग हाच त्यांचा मान. बागेतल्या ट्रॅक्टरचं तसं नाही. रंग आधी दिला तर गळती कुठून होते ते दिसत नाही, नटांच्या कडा बुजतात. महिनाभर काम झाल्यावर, सगळे सांधे कोरडे राहतात याची खात्री पटल्यावर, द्यायचा असेल तर द्यावा. त्याआधी कागद बघावेत. नोंदणी पंधरा वर्षांची असते, ती संपली असेल तर नूतनीकरण करावं लागतं, आणि उभ्या ट्रॅक्टरचा विमा तर हमखास संपलेला असतो.

पहिल्या दिवशी मामांनी डाळिंबाच्या चारच ओळी केल्या. रोटाव्हेटर बेताच्या खोलीवर, ठिबकच्या नळ्या बाजूला सारून. दर ओळीच्या शेवटी ते थांबत आणि मागं वळून तास बघत. संध्याकाळी ट्रॅक्टर कडुलिंबाखाली आला, या वेळी चाकांखाली फळ्या टाकून. मामांनी कॅनमधलं डिझेल ओतून टाकी गळ्यापर्यंत भरली, झाकणाचं छिद्र उजेडाकडं धरून आरपार दिसतंय का बघितलं. मग गोठ्यात गेले, दुपारी फोडलेल्या नारळाची करवंटी घेऊन आले आणि सायलेन्सर निवल्यावर त्याच्यावर उपडी घातली.